उधारीचा फोटो

पहाटे ४.३०

आत्याच्या परळच्या खोलीत मी स्वयंपाकघरात झोपते. मोबाइल आवाज बंद करून स्टीलच्या ताटलीवर ठेवते. थरथरला की ताटली कुरकुरते, मी जागी होते आणि आत्या झोपेतच राहते. निदान तसं दाखवते तरी. निघताना दाराशी छत्री आणि डब्यात दोन पोळ्यांचा गुंडा ठेवलेला असतो.

कॅमेरा काढायचा म्हणजे आधी हवाबंद डबा उघडायचा. पावसाळ्यात मुंबईत लेन्स उघड्यावर राहिली की काचेच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसू लागतात आणि ते पुसायचे तर लेन्सच खोलावी लागते. म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळे खडे गुलाबी झाले की समजायचं, त्यांचं पोट दमटपणानं भरलं. मग एका टाकाऊ पत्र्याच्या झाकणात गरम करून त्यांना पुन्हा निळं करायचं. आत्याच्या तव्यावर हा प्रयोग करायला कडक बंदी आहे.

कॅमेरा आजोबांचा, पेंटॅक्स के १०००. बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरला. ती संपली तरी बाकी सगळं चालतं. फलटणला एसटी स्टँडजवळ आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. कॉलेजच्या मुलाखतीत मी ते सांगितलं तेव्हा समोरचे सर हसून म्हणाले होते, ‘म्हणजे पासपोर्ट-अर्जंट?’ मी हो म्हणाले. आजोबांनी तीन मुलांची शिक्षणं त्याच पासपोर्ट-अर्जंटवर केली.

कॅमेऱ्यात ४०० आयएसओचा कृष्णधवल रोल. दुकानात असा एक रोल हजार रुपयांच्या आसपास पडतो. छत्तीस फोटो धरले तर एक खटका वडापावपेक्षा महाग. म्हणून आम्ही नऊजणांनी वर्गणी काढून शंभर फुटांचा डबा आणलाय. त्यातून अंधारात फिल्म भरून घेतली की साधारण अठरा रोल निघतात. तरीही खटका दाबताना बोट जरा अडखळतंच. सर म्हणतात, हे अडखळणं शिकण्यासाठीच तुम्हाला चौथ्या वर्षाला फिल्म देतो.

पहाटे ५.१५

परळहून दादर एकच स्टेशन. पश्चिमेला फूलबाजारात पाऊल टाकलं की आधी पायाला कळतं, मग नाकाला: खाली सगळा ओला पाला, देठं, पाकळ्या. आज श्रावणातला शुक्रवार, जिवतीच्या पूजेचा. त्यामुळे नेहमीच्या झेंडू-शेवंतीबरोबर आघाड्याच्या आणि दुर्वांच्या जुड्यांचे ढीग लागलेत. आघाडा विकत घ्यायचा असतो हे मला मुंबईत आल्यावर कळलं. आमच्याकडे तो बांधावर उगवतो.

या वेळचा प्रकाश शिकण्यासारखा असतो. दुकानांवर उघडे एलईडी दिवे, वर आभाळ शाईसारखं. रंगीत फोटोत या दोन उजेडांचं भांडण लागतं, एक पिवळा आणि एक निळा. कृष्णधवलमध्ये ते भांडण मिटतं, पण उरते फक्त तीव्रता, आणि तीही फसवी. उघडा दिवा चौकटीत आला की मीटर दिपतं आणि माणसाचा चेहरा काळाठिक्कर ठेवतं. म्हणून मीटरवर विसंबायचं नाही. दिवा नाही, चेहरा मोजायचा. ॲपर्चर पूर्ण उघडं, एफ/२. शटर सेकंदाच्या साठाव्या भागाचं. त्याहून सावकाश केलं तर हार ओवणारी बोटं धूर होतात.

पाऊस धरला होता, पडत नव्हता. मी सात-आठ फोटो काढले असतील, तेवढ्यात मागून हाक आली.

‘काय गं पोरी, माझा फोटू कुठाय?’

दोन आठवड्यांपूर्वी मी या मावशींचे फोटो काढले होते. झेंडूच्या माळा डोक्यावर टांगलेल्या आणि त्याखाली त्या हार ओवत बसलेल्या. निघताना ‘पुढच्या वेळी आणून देते’ म्हणाले होते. मधे एकदा आले तेव्हा म्हणाले, ‘अजून धुतला नाही.’ ते खोटं होतं. रोल धुऊन झाला होता, छापला नव्हता.

‘मावशी, कॉलेजात आहे. देते.’

‘दोनदा म्हनलीस. काढून नेलास, पर आनून दिला न्हाईस. उधारी हाय तुझ्यावर.’ हे बोलताना त्यांचे हात थांबले नाहीत. सुई, दोरा, झेंडू, झेंडू, पान. मग जरा खालच्या आवाजात, ‘गावाकडं घरात माझा एक बी फोटू न्हाई. आधार कार्डावरचा हाय, त्यात मी मेल्यावानी दिसतीया.’

शेजारचा जुड्या बांधणारा पोऱ्या फिसकन हसला. मावशी हसल्या नाहीत. मी कॅमेऱ्याला टोपण लावलं. त्यानंतर त्या गल्लीत फोटो काढायला हात धजला नाही. उरलेले फोटो मी पुलाखाली जाऊन टोपल्यांचे काढले. टोपल्या काही मागत नाहीत.

सकाळी ९.३०

आमच्या कॉलेजात याला ‘करेक्शन’ म्हणतात. पहिल्या वर्षी लेटरिंगचं करेक्शन असायचं, ड्रॉइंगचं असायचं, आता फोटोंचं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेपासून आम्ही सगळे करेक्शनवर वाढलोय, तरी दर वेळी पोटात गोळा येतोच.

लांब टेबलावर प्रत्येकानं आपली कॉन्टॅक्ट शीट ठेवायची. अख्ख्या रोलच्या पट्ट्या एकाच कागदावर छापलेल्या, छत्तीस चिमुकले फोटो, काढले त्याच क्रमानं. हा कागद फार उघडं पाडणारा असतो. कुठे धीर सुटला, कुठे एकाच गोष्टीचे घाबरून पाच फोटो काढले, कुठे मुळात काही दिसलंच नव्हतं आणि नुसता खटका दाबला, सगळं ओळीनं मांडलेलं. डायरी वाचायला दिल्यासारखं वाटतं. सर डोळ्याला भिंग लावून वाकतात आणि वर्गात फक्त पंख्याचा आवाज राहतो. हातात पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे असतात. ते सरकवून चौकट लहानमोठी करून बघतात.

आज पहिला नंबर मालवणच्या मुलाचा. त्यानं दोन महिने एकच धक्का काढलाय. ‘समुद्र कमी कर,’ सर म्हणाले. तो कळवळून म्हणाला, ‘सर, समुद्र कसा कमी करू?’ ‘पुढे जा चार पावलं.’ एवढंच. पण चार पावलं पुढे गेलं की समुद्राची जागा माणसं घेतात, हे त्याला शीटवर बघतानाच कळलं असावं, कारण त्यानं वाद घातला नाही.

मग माझी शीट. भिंग फिरत फिरत सतरावर थांबलं. फ्रेम सतरा: मावशींची मान खाली, टांगलेल्या माळांची सावली निम्म्याहून जास्त चेहऱ्यावर, उजेडात फक्त बोटं आणि सुईचं टोक.

‘हा. हा फोटो आहे,’ सर म्हणाले. लाल पेन्सिलीनं त्याभोवती चौकोन काढला. सर चौकोन काढतात ते महिन्यातून एखाद्या वेळी.

‘सर, आणि अठरा?’

फ्रेम अठरा म्हणजे त्याच्या पुढच्या क्षणाची. मावशींना मी दिसले होते. त्यांनी पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि थेट लेन्समध्ये बघितलं. मागे डोक्याशी उघडा दिवा.

सरांनी भिंग ठेवलं, बघितलं, उचललं. ‘हा आधार कार्डाला चालेल.’

सगळे हसले. मीही हसले. सरांना दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. सतरा खरंच चांगला आहे आणि पोर्टफोलिओत तोच जाणार. फक्त चार तासांत आधार कार्डाचं नाव दुसऱ्यांदा निघालं होतं आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा होता.

सकाळी ११.३०

डार्करूम. आजोबा ‘रोल डेव्हलप करणे’ कधीच म्हणायचे नाहीत; रोल ‘धुवायचा’. इथेही मी तसंच म्हणते आणि आता आमच्या बॅचची नागपूरची मैत्रीणही म्हणायला लागलीय.

धुण्याची पहिली अडचण मुंबईचं पाणी. पुस्तकातले सगळे आकडे वीस अंश सेल्सिअसला दिलेले आणि नळाला येतं अठ्ठावीसचं. डेव्हलपर गरम झाला की सुसाट काम करतो. निगेटिव्ह दाट होते, रवा वाढतो. म्हणून कँटीनमधून बर्फ मागून आणायचा, घमेल्यात टाकायचा आणि त्यात रसायनांच्या बाटल्या बसवून थर्मामीटर घेऊन राखण करायची. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये घालायचा नाही. पहिल्या आठवड्यात एकानं तो घातला होता. त्याचा रोल अजून नोटीस बोर्डाला टाचलेला आहे, तपकिरी धुक्यासारखा.

दुसरी अडचण अंधार. फिल्म चकरीवर चढवायची ती ठार काळोखात, लाल दिवासुद्धा नाही. हात घामेजलेले, हवा दमट, प्लॅस्टिकची चकरी जरा जरी ओली असली की फिल्म मध्येच अडकते. आज अडकली. ढकलावी तर दुमडते, ओढावी तर सुटते. श्वास रोखून पाच मिनिटं मागेपुढे केली तेव्हा कुठे बसली. अशा ठिकाणी फिल्मला जी चिमट पडते, तिचा डाग निगेटिव्हवर अर्ध्या चंद्रासारखा उमटतो. कपाळावरच्या चंद्रकोरीसारखा, कुठल्या फोटोच्या कपाळी उमटेल ते सांगता येत नाही.

टाकी बंद झाली की दिवा लावता येतो. डी-७६ डेव्हलपर, एकास एक पाणी, अकरा मिनिटं. दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चारदा टाकी उलटी-सुलटी करायची आणि शेवटी टेबलावर टकटक आपटायची, म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. मग स्टॉप बाथ, त्याचा लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास. मग फिक्सर.

फिक्सरला आजोबा ‘हायपो’ म्हणत. फलटणच्या स्टुडिओला सगळीकडे तोच वास होता, आजोबांच्या बोटांनाही. तो शब्द केवढा जुना आहे ते मला इथे कळलं. चांदीचे न वापरले गेलेले क्षार विरघळवून चित्र कायम करायचं हे काम हायपो करतं, हे जॉन हर्षेल या इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. १८१९ साली त्यानं या द्रव्याचा तो गुण टिपला आणि वीस वर्षांनी, छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला तेव्हा, तो कामी आला. त्याआधी उजेडानं चित्र उमटत होतं आणि उजेडच ते पुसूनही टाकत होता. उमटवणं साधलं होतं, राखणं साधलं नव्हतं.

रोल उघडून दिव्यासमोर धरला. चंद्रकोर उमटली होती, टोपल्यांवर. माणसांवर नाही. बरं झालं.

दुपारी १.३०

पोळ्यांचा गुंडा. नागपूरच्या मैत्रिणीचा झणझणीत ठेचा. बोटांना फिक्सरचा वास येतो म्हणून आम्ही दोघी चमच्यानं खातो, पोळीसुद्धा.

दुपारी २.००

इतिहासाचा तास. जेवणानंतर, पडदे ओढून, प्रोजेक्टर लावून. कुठल्याही वेळापत्रकात यापेक्षा क्रूर तास नसेल. पण आज झोप लागली नाही.

मॅडम मुंबईच्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांबद्दल सांगत होत्या. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींना आपण ओळखतो ते भायखळ्याच्या संग्रहालयाच्या नावामुळे. त्यांचे भाऊ नारायण दाजी हे डॉक्टर, आणि या सोसायटीतले छायाचित्रकार. म्हणजे कॅमेरा जगाला माहीत झाल्यावर पंधरा-वीस वर्षांतच आपल्यातला माणूस त्यामागे उभा होता. पुढे फाळके. १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले, मग बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले. चित्रपटाच्या कितीतरी आधी ते फोटोवाले होते, गोध्र्याला स्टुडिओ टाकलेले. कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो, आयुष्य कमी करतो, अशी समजूत तेव्हा लोकांत होती आणि फाळक्यांच्या धंद्याला तिचाही फटका बसला, असं सांगतात. वर्ग हसला. मला आजोबांची गोष्ट आठवली. त्यांच्या स्टुडिओतही एक म्हातारा शेतकरी खुर्चीवर बसल्यावर विचारायचा, ‘दुखत न्हाई न्हवं?’

मग पडद्यावर विल्यम जॉन्सनची चित्रं आली. हा मुंबई सरकारातला नोकर, त्याच फोटोग्राफिक सोसायटीतला. १८६३ आणि १८६६ साली त्यानं मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंची दोन पुस्तकं काढली. माणसांचे फोटो एकीकडे काढायचे आणि छापताना त्यांच्यामागे दुसरीच कुठली तरी जागा जोडायची. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारनं अख्ख्या देशातल्या लोकांचे असे आठ खंड छापले. मॅडम एकेक पान पुढे सरकवत होत्या आणि खालच्या ओळी वाचत होत्या: जात, धंदा, गाव.

‘यात काय नाही?’ त्यांनी विचारलं.

कुणी म्हणालं रंग, कुणी म्हणालं हसू. मागच्या बाकावरून नागपूरची म्हणाली, ‘नाव.’

त्यानंतर मॅडमनी होमाई व्यारावाला दाखवल्या. त्या जे. जे.च्या विद्यार्थिनी आणि देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या सुरुवातीच्या फोटोंखाली छापून आलं ते नाव नवऱ्याचं, माणेकशांचं. म्हणजे कधी कॅमेऱ्यापुढच्याचं नाव जातं, कधी मागच्याचं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. एवढी उधारी तर आमच्या आजोबांनीही कुणाला दिली नसती.

मी वहीच्या कडेला लिहून बघत होते: मराठीत फोटो ‘काढतात’. चित्र काढतात, काटा काढतात, खोडी काढतात. कर्जही काढतात. पहाटे मावशी उधारी म्हणाल्या ती चिडून नव्हे, व्यवहारानं म्हणाल्या होत्या. आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. माझ्या शीटच्या मागे मी पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘फूलवाली, दादर, १७–१८.’ धंदा, गाव, आकडा.

दुपारी ३.३०

स्टुडिओ. आजचा विषय स्टीलचा पेला. ऐकायला सोपं वाटतं. पण चकचकीत स्टीलला स्वतःचा रंग नसतो, समोर जे असेल तेच ते दाखवतं. पेल्याचा फोटो काढायला जावं तर त्यात छत दिसतं, फ्लॅशचे दिवे दिसतात, नऊ पोरं दिसतात आणि मधोमध कॅमेऱ्यामागे वाकलेली मी, नाक पसरलेली, गाल लांबलेले.

इथे नियम शाळेतलाच. किरण ज्या कोनानं येतो त्याच कोनानं परततो. म्हणून आधी शोधायचं की कॅमेऱ्याच्या जागेवरून पेल्यात खोलीचा कोणता भाग दिसतो आणि मग फक्त तेवढा भाग सजवायचा. आम्ही पेल्याभोवती बटर पेपरचा तंबू उभारला, बाहेरून सॉफ्टबॉक्स मारला. पेला एकदम पांढराफेक झाला आणि कडाच हरवल्या. कागदावर कागद ठेवल्यासारखा. मग दोन्ही बाजूंना काळ्या चार्ट पेपरच्या बारीक पट्ट्या उभ्या केल्या. त्या पट्ट्या पेल्यात काळ्या रेघा होऊन उतरल्या आणि पेल्याला गोलाई आली. एक पट्टी बोटभर सरकवली की रेघ जाड होते. तासभर नुसतं हेच: सरकव, बघ, परत सरकव. समोर थर्माकोलचा तुकडा धरून धरून मालवणकराचे हात भरून आले.

उजेड कमी पडत होता म्हणून मी दिवा पुढे आणला आणि फोटो जळला. अंतर निम्मं केलं की उजेड दुप्पट नाही, चौपट होतो, हे सूत्र मला तोंडपाठ आहे. हाताला ते अजून पाठ झालेलं नाही.

शेवटी कॅमेरा तंबूच्या बाहेर, लेन्स कागदाला पाडलेल्या भोकातून आत. एफ/११, शटर एकशे पंचविसावा भाग. मी नाहीशी झाले. पेल्याच्या पोटावर फक्त एक काळं टिंब राहिलं, लेन्सचं.

‘ते कॉम्प्युटरवर काढून टाकाल तुम्ही,’ सर म्हणाले, ‘पण ते तिथे असतं, हे लक्षात ठेवा.’

संध्याकाळी ६.००

फोर्टमध्ये बोरा बाजाराच्या अंगाला कॅमेऱ्याची दुकानं आहेत. ब्रोमाइड संपलं होतं. आमच्या बॅचला आता फोटो छापायच्या कागदाचा पाच बाय सातचा पुडा लागतो, आठ बाय दहा परवडत नाही. दुकानदार काका पुडा काढताना नेहमीचं वाक्य म्हणाले, ‘एके काळी लग्नाच्या मोसमात याची खोकीच्या खोकी उचलायचे लोक.’ आता हा कागद घेणारे म्हणजे आमच्यासारखी पोरं आणि काही हौशी माणसं. पैसे मोजून दिले आणि परतीच्या वाटेवर हिशेब केला: पास, पुडा, फिक्सर. आत्याला या महिन्याचे दुधाचे पैसे मी द्यायचे कबूल केलेत. तीही उधारी.

संध्याकाळी ६.४५

डार्करूम साडेआठपर्यंत उघडी असते. लाल दिव्यात सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात आणि माणसं आपोआप हळू बोलतात.

एन्लार्जरमध्ये आधी सतरा लावला. तो सरळ छापला गेला. सावली सावलीत, उजेड उजेडात, पाच-सहा पट्ट्यांच्या चाचणीत वेळ सापडली. दुसऱ्याच प्रिंटला ‘झाला’ म्हणावं असा. चांगली निगेटिव्ह म्हणजे गुणी मूल, काही करावं लागत नाही.

मग अठरा.

चाचणीची पट्टी घातली: तीन सेकंद, सहा, नऊ, बारा, पंधरा. दिव्याभोवतीचा भाग नीट यायला पंधरासुद्धा कमी, आणि चेहरा सहालाच काळा पडायला लागलेला. मावशींचा रंग सावळा, मागे उघडा दिवा. काढताना मी चेहरा मोजला नव्हता, घाईत होते. त्या ताठ बसल्या, पदर सारखा केला, आणि मी तो खटका असाच दाबून टाकला होता.

आता ती चूक कागदावर फेडायची. तारेच्या टोकाला नाण्याएवढी पुठ्ठ्याची चकती लावलेली असते. उजेड पडत असताना ती चेहऱ्यावर धरून सतत हलवायची, ‘डॉज’ करायचं, म्हणजे तेवढ्या भागाला उजेड कमी मिळतो आणि तो उजळ राहतो. थांबवली की चकतीची कड उमटते. आणि दिव्याला उलट जास्त उजेड द्यायचा. दोन्ही हातांच्या ओंजळीला फट ठेवून, त्या फटीतून. पहिला प्रिंट: चेहरा पिठासारखा. मी त्यांना गोरं करून ठेवलं होतं! आजोबांच्या स्टुडिओत लोक तेच मागायला यायचे आणि आजोबा निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून ते करूनही द्यायचे. पण मावशींनी गोरं मागितलं नव्हतं. मेल्यावानी नको, एवढंच मागितलं होतं. दुसरा प्रिंट: डोक्याभोवती कडं, देवाच्या फोटोसारखं. तिसरा: बरा. चौथ्याला चकती दोनच सेकंद धरली, जरा खाली, कपाळ सोडून गालांवर.

कागद डेव्हलपरमध्ये सरकवला. पंधराएक सेकंद काहीच नाही. मग आधी केस, मग साडीचा काठ, मग डोळे. मिनिट भरलं, स्टॉप बाथ, फिक्सर, दिवा लावला.

रंग त्यांचाच आला होता. गालावरचं हाड, नाकाची चमकी, तोंड घट्ट मिटलेलं. कुणाला तरी आपल्याला बघू देतोय हे त्या चेहऱ्याला पक्कं ठाऊक होतं. आणि त्यांच्या गुडघ्याशी फुलांवर शिंपडायच्या पाण्याचं स्टीलचं पातेलं होतं. त्याच्या पोटावर एक गडद डाग. भिंग लावून बघितलं. वाकलेली, कॅमेरा धरलेली, ओळखू न येण्याइतकी लहान, मी. सतरामध्ये मी कुठेच नाही.

दुपारच्या तंबूत मी तासभर खपून स्वतःला पेल्यातून काढलं होतं. हा डाग काढावासा वाटला नाही.

रात्री ९.१५

आत्यानं जिवतीच्या नैवेद्याचं पुरण ठेवलं होतं. जेवताना तिला दोन्ही प्रिंट दाखवले. तिनं सतरा उलटा-सुलटा करून बघितला, ‘छान आहे गं, सिनेमासारखा,’ म्हणाली आणि बाजूला ठेवला. अठराकडे बघून विचारलं, ‘या कोण?’

सतराला तिनं ते विचारलं नव्हतं.

आम्हाला रोजची नोंदवही ठेवावी लागते: रोल, फ्रेम, ॲपर्चर, शटर, डेव्हलपर, तापमान, शेरा. सबमिशनला ती तपासतात. आजोबांचीही वही होती, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तसली. निगेटिव्हचा नंबर, नाव, गाव, साइज, प्रती, आगाऊ, बाकी. शेवटचा रकाना ‘दिला’. ॲपर्चर-शटर त्यात कुठेच नव्हतं. ते आजोबांच्या बोटांत होतं. न्यायला न आलेले फोटो ते चपलांच्या खोक्यात वर्षानुवर्षं जपून ठेवत. आजी वैतागायची. एकदा एक बाई आली, नवऱ्याचा अकरा वर्षांपूर्वी काढलेला फोटो आहे का विचारत; काढताना पैसे पुरे नव्हते म्हणून नेला नव्हता, आणि आता नवरा नव्हता. आजोबांनी वहीत नंबर शोधला, खोकं काढलं, फोटो दिला. बाकी खोडली आणि ‘दिला’ लिहिलं. मी तेव्हा सात वर्षांची होते, स्टुलावर बसून गोळी चोखत होते.

मी नोंदवहीत पट्टीनं रेघ मारून शेवटी दोन रकाने वाढवले. एक ‘नाव’, एक ‘दिला’. तपासताना सर विचारतील, तेव्हा बघू. मागची पानं चाळली. जूनपासून अकरा रोल, माणसांचे फोटो शंभराच्या वर. दोन्ही रकाने वरपासून खालपर्यंत कोरे. एका माणसानं फेडायचं म्हटलं तर पुड्यामागून पुडे लागतील. बोरा बाजारच्या काकांना आनंद होईल.

अठराच्या ओळीत शेरा लिहिला: ‘चेहरा मोजला नाही. डॉज २ सेकंद.’ पुढचे दोन रकाने सोडले.

प्रिंट प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, पाकीट वहीत, वही पिशवीत, छत्रीच्या उलट बाजूला. उद्या शनिवार, कॉलेज उशिरा आहे. कॅमेरा डब्यातच राहू दे. खडे निळे आहेत.

मोबाइल ताटलीवर ठेवला. साडेचार.